सोळा इंचांचे पाच कप्पे: एका मडरूमचं प्रकरण

पहिल्याच भेटीत ताईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला आणि साठेक फोटो दाखवले. पांढरीशुभ्र कपाटं, वेताच्या टोपल्या, बाकावर गुबगुबीत उशा, पितळी हूक आणि त्यातल्या एका हुकावर एकुलती एक गवती टोपी. "अशी मडरूम हवी," त्या म्हणाल्या. मडरूम म्हणजे बाहेरून आल्यावर ओले, चिखलाचे बूट, रेनकोट, छत्र्या काढून ठेवायची दाराजवळची खोली. अशा खोल्या आखून देणं हे माझं काम. मी विचारलं, "यात बूट कुठे आहेत?" त्यांनी फोटो मागेपुढे सरकवले आणि हसायला लागल्या. साठ फोटोंत मिळून चार जोड सापडले, तेही कोरे करकरीत.

घर दुमजली. माणसं पाच: आई (म्हणजे ताई), बाबा, अकरा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी. शिवाय एक केसाळ कुत्री, वजन २२ किलो. गाडी आणि अंगण दोन्ही बाजूच्या दाराकडे, त्यामुळे घरच्यांची सगळी ये-जा तिथूनच. पुढचं दार फक्त पाहुण्यांसाठी. बाजूच्या दारातून आत आलं की १० फूट लांब, ६ फूट रुंद अशी एक खोली लागते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला घरात जाणारं दार. दोन्ही दारं उजव्या भिंतीलगत. खोलीत एक वाकलेला शू-रॅक, भिंतीवर पाच खुंट्या आणि ज्याची आठवण कुणालाच नाही असा एक बंद खोका. घर बांधणाऱ्याने नकाशावर हिच्यावर नुसतं 'पॅसेज' लिहिलं होतं, आणि घरच्यांनीही तिला तसंच वागवलं.

मी फोटो बाजूला ठेवले आणि एकच मागणी केली: पाऊस पडत असेल अशा दिवशी, मुलं घरी येण्याच्या वेळी मला बोलवा. मी कोपऱ्यात उभी राहीन, मला चहापाणी काही विचारू नका.

त्या संध्याकाळची दहा मिनिटं सगळ्या आराखड्याच्या मुळाशी आहेत, म्हणून ती नीट सांगते. आधी धाकटा आला. दारातच दप्तर टाकलं आणि बसायला काही नाही म्हणून उंबऱ्यावरच फतकल मारली. बुटाच्या नाड्या भिजून घट्ट झालेल्या. तो दातांनी गाठ सोडवायला लागला, आणि मागे थोरली उघड्या छत्रीसह पावसात उभी, कारण आत यायला वाटच नव्हती. तिने छत्री तशीच उघडी आत ढकलली. छत्रीच्या बाजूने कुत्री घुसली आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी उभी राहून तिने अंग झटकलं. आजी टॉवेल घेऊन आतून आल्या, ओल्या फरशीवर त्यांचा पाय थोडा सरकला, त्यांनी खुंटी धरली आणि खुंटी हातात आली. ताई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन या सगळ्यांना ओलांडून आत गेल्या. धाकट्याने शेवटी बूट काढले, पण मोजे ओले. मोज्यांचे ठसे खोलीपासून बाथरूमपर्यंत उमटले. मी मोजले, अकरा.

आता या दृश्यात कपाट कमी पडलं असं एकदाही झालेलं नाही. कमी पडलं ते बसायला आसन, पाणी गळायला जागा आणि दोन माणसांना एकमेकांच्या शेजारून जायला वाट.

मोजणी

दुसऱ्या दिवशी आम्ही मोजायला बसलो. खोलीत आणि आसपास पादत्राणांचे ३४ जोड निघाले. त्या आठवड्यात पायात घातलेले किती, असं प्रत्येकाला विचारलं तर १३. उरलेले २१ जोड तिथे नुसते मुक्कामाला होते: लहान झालेले, लग्नाकार्याचे, 'कधीतरी लागतील' असे. त्यांची रवानगी वरच्या मजल्यावरच्या कपाटांत करायची, हे ठरवायला बाबांना तीन दिवस लागले. खुंट्यांवर १९ कपडे होते. जाकिटं, रेनकोट, एक स्वेटर जो कुणाचाच नव्हता.

या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, खोलीचा आराखडा चुकतो तो बहुधा इथेच. आधी कपाटं काढायची आणि मग त्यात काय बसतं ते बघायचं, ही उलटी रीत. मी स्वतः याची शिक्षा भोगली आहे. काही वर्षांपूर्वी एका घरात मी जमिनीपासून छतापर्यंत बंद दारांचं बूट-कपाट केलं होतं. दिसायला देखणं, एकही बूट नजरेला पडत नव्हता. पहिल्या पावसाळी महिन्यानंतर चामड्याच्या बुटांवर करडी बुरशी आली आणि एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबून केलेल्या बोर्डाच्या, कडा फुगून दारं लागेनाशी झाली. कारण साधं होतं. ओला बूट रात्रभर वाफ सोडतो, बंद कपाटात ती जाणार कुठे? पृष्ठभागाजवळची आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला दुसरं काही लागत नाही. ते कपाट मला स्वखर्चाने बदलून द्यावं लागलं. तेव्हापासून मडरूम म्हटलं की मी साठवण दुसऱ्या नंबरावर टाकते. पहिला प्रश्न, ओलं काय काय येणार आणि ते किती तासांत वाळणार.

चिकटपट्टीचा नकाशा

तरी पहिला आराखडा मी दोन्ही भिंतींना फर्निचर लावूनच काढला. डावीकडे १६ इंच खोल बाक, उजवीकडे तितकंच खोल कपाट. रुंदी ७२ इंच, त्यातून ३२ वजा, उरले ४०. कागदावर ऐसपैस वाट दिसते. मग आम्ही फरशीवर रंगीत चिकटपट्टी लावली आणि ताईंना बाकाच्या जागी स्टुलावर बसवलं. बसलेल्या माणसाचे गुडघे आणि पावलं बाकाच्या पुढे २० ते २२ इंच येतात. नाडी बांधायला वाकलं की डोकंही तेवढंच पुढे. उरली १८ इंचांची फट. त्या फटीतून बाबा पिशव्या घेऊन जायला निघाले आणि थांबले. उजवीकडचं कपाट तिथेच रद्द झालं. ते नसेल तर बसलेल्या माणसासमोरून ३४ इंच मोकळे राहतात, दुसरा माणूस आरामात जातो.

उजव्या भिंतीवर मग सहा इंचांपेक्षा जास्त बाहेर येणारं काहीच ठेवायचं नाही, असा नियम केला. आरसा, किल्ल्यांची पट्टी, इतकंच. बाहेरच्या दाराचे बिजागर उजवीकडे घेतले, म्हणजे उघडल्यावर दार त्याच भिंतीला चपटं टेकतं. आधी ते डावीकडे उघडायचं आणि खोलीचा सगळ्यात उपयोगी कोपरा गिळून बसायचं. या एका बदलाने जितकी जागा मिळाली तितकी कुठल्याही फर्निचरने दिली नसती. सुताराला यासाठी अर्धा दिवस लागला.

लांबी १२० इंच. बाहेरच्या दाराकडचे ४० इंच 'ओला पट्टा' म्हणून काढले. उरलेल्या ८० इंचांत डाव्या भिंतीला सलग बाक. माणसं पाच, ८० भागिले ५, प्रत्येकी १६ इंच. हा आकडा इतका चपखल बसला की मला जरा संशयच आला, पण बसला. बसायला १६ इंच कमी पडतात, माणसाला खांद्यापाशी दोन फूट तरी हवेत. म्हणून बाकावर मधल्या उभ्या फळ्या नाहीत, आसन सलग आहे. १६ इंचांचे कप्पे फक्त वर, हुकांच्या आणि फळीच्या पातळीवर दिसतात. पाचही जण एकाच वेळी कधी बसत नाहीत. दोघं बसतात, क्वचित तिघं.

बाकाखालीही कप्पे केले नाहीत, कारण मोठ्यांचा एक जोड शेजारीशेजारी ठेवला की नऊएक इंच घेतो. १६ इंचांच्या खणात एक जोड बसतो आणि सात इंच वाया जातात. मोकळ्या ८० इंचांत आठ जोड सहज बसतात. जमिनीवर एक रांग आणि आठ इंचांवर लाकडी पट्ट्यांची जाळीदार फळी, म्हणजे १६ जोड. रोजचे १३ आणि पाहुण्यांना तीन.

ओला कोपरा

दार उजवीकडे गेल्यामुळे त्याच्या डावीकडे साधारण ३० बाय ४० इंचांचा कोपरा सुटा झाला. खोलीतलं खरं काम तिथे चालतं. फरशीला पाणी वाहून जाणाऱ्या जाळीकडे उतार, ४० इंचांत अर्धा इंच, म्हणजे ८० ला १. याहून कमी उतार दिला की पाणी रेंगाळतं, जास्त दिला की उभं राहताना पायाला जाणवतं. फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा थर, आणि तो भिंतीवर सहा इंच चढवलेला. वर रेनकोटांचे चार हूक, छत्र्यांसाठी एक आडवी दांडी, आणि गमबूट उलटे अडकवायला दोन जाड खुंट्या. जे गळायचं ते थेट जाळीत गळतं.

कुत्रीसाठी तिथेच हँड शॉवर, गरम-थंड पाण्याचा मिक्सर. ताईंच्या फोटोंत कुत्र्यांसाठी कमरेइतक्या उंचीची टाइल लावलेली सुंदर हौदी होती. मी विचारलं, २२ किलोची चिखलाने माखलेली कुत्री रोज संध्याकाळी उचलून त्यात कोण ठेवणार? कुणी हात वर केला नाही. हौदी जमिनीच्या पातळीवर आली, म्हणजे हौदी राहिलीच नाही, नुसता उतार राहिला.

कोपरा आणि बाक यांच्यामध्ये ४२ इंच उंचीची अर्धी भिंत घातली. तिची जाडी ओल्या पट्ट्याच्या ४० इंचांतच धरली. ती शिंतोडे अडवते आणि तिच्या बाकाकडच्या बाजूला स्टीलची पकडदांडी आहे. म्हणून बाकावरची पहिली जागा आजींची. दारातून दोन पावलं, बसणं, बूट काढणं, दांडी धरून उठणं. पकडदांडी नुसत्या टाइलवर प्लगने लावू नका, भिंतीत भरीव आधार हवा. मी ती बसवल्यावर स्वतः लटकून पाहिली. कामगार हसत होते, हसू देत.

बाकाची उंची १८ इंच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच आसन बरं आणि सहा वर्षांच्या मुलाला ते उंच पडतं, पाय अधांतरी राहतात. दोघांसाठी एकच उंची निघत नाही. धाकट्याच्या जागेखालून बाहेर सरकणारी सात इंचांची पायरी केली. तो मोठा झाला की काढून टाकायची.

हूक, आणि पुठ्ठ्याने वाचवलेलं डोकं

मोठ्यांचे हूक ६६ इंचांवर, मुलांचे ४२ वर. पुस्तकी हिशेब बरोबर. पण काम सुरू होण्याआधी मी भिंतीला पुठ्ठा लावून त्यात पेन्सिली खोचते, हुकांच्या जागी. धाकटा स्टुलावर बसला, बूट ओढताना मागे रेलला आणि पेन्सिल बरोबर डोक्याच्या मागच्या बाजूला टोचली. बसलेल्या मुलाचं डोकं त्याच्याच हुकाच्या उंचीवर येतं, ही गोष्ट रेखाचित्रात दिसतच नाही. खरा हूक असता तर टाके पडले असते.

मग टोकदार धातूचे हूक बाद झाले. मुलांच्या दोन कप्प्यांत जाड, गोल डोक्याच्या लाकडी खुंट्या आल्या, आणि त्याही कप्प्याच्या मधोमध न घेता कडेच्या पट्ट्यांवर, म्हणजे पाठ टेकते तिथे भिंत सपाट राहते. खुंट्यांची पट्टी स्क्रूवर आहे, मुलगा वाढला की सहा इंच वर जाईल. मागे सगळीकडे प्लायवूडचा आधार. भरलेलं दप्तर पाच-सहा किलोंचं असतं आणि मुलं ते अडकवत नाहीत, भिरकावतात.

दिसण्याचं काय?

ताईंना फरशी पांढरी, चकचकीत हवी होती. बाबांना काळी. दोघांनाही मी अंगणातला चिखल तळव्यावर घेऊन वाळवून दाखवला. वाळलेला चिखल फिकट होतो, तो काळ्यावर पिठासारखा उठून दिसतो. ओला चिखल पांढऱ्यावर. शेवटी मातकट करड्या रंगाची, बारीक ठिपक्यांची मॅट टाइल घेतली, आर-११ वर्गातली. टाइलवर पाय किती कमी घसरतो याची जर्मन मानकात आर-९ ते आर-१३ अशी चढती प्रतवारी आहे. ती तेल लावलेल्या उतारावर बूट घातलेल्या माणसाला चालवून ठरते. मडरूममध्ये बूटही असतात आणि अनवाणी ओले पायही, म्हणून अनवाणी चाचणीचा ए-बी-सी दर्जाही मी दुकानदाराला विचारते. आर-१३ घ्यावी असं वाटेल, पण तितक्या खरबरीत टाइलमध्ये चिखल अडकतो आणि पोछा फाटतो. सांध्यांत एपॉक्सी ग्राउट, साधं ग्राउट डाग पितं.

दाराच्या आत पायपुसणं फरशीत पाऊण इंच बुडवून बसवलं, म्हणजे कड पायात येत नाही. चार फूट लांब. छोट्या पायपुसण्यावर एकच पाऊल पडतं, दुसरं थेट फरशीवर. बाहेर, छपराखाली, खरवडायची जाळी.

फर्निचरचा सांगाडा मरीन प्लायचा, आसन सागवानी फळीचं, तेल लावलेलं. भिंतीवर हुकांच्या रेषेपर्यंत टाइल आणि तिच्या वर गडद हिरवा धुण्याजोगा रंग. या हिरव्यावर मात्र मी काहीच बोलले नाही, तो ताईंनी निवडला आणि खोली त्यानेच उठली. १६ इंचांची लय वरच्या फळीवर, हुकांवर, टोपल्यांवर पाचदा येते, त्यामुळे पसारा असला तरी नजरेला शिस्त दिसते. शैली म्हणून मला इतकी पुरते.

उशांवरून वाद झाला. मी नको म्हणत होते, ओलं धरतात. आजी म्हणाल्या, "अगं, तुझं सगळं खरं, पण लाकूड गार लागतं ना मला!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजींच्या जागेवर एक उशी आली, चेन असलेल्या धुवायच्या अभ्र्याची.

हवा खेचायला एक्झॉस्ट फॅन, आर्द्रता मोजून आपोआप चालणारा. घरातली हवा आतल्या दाराखालच्या फटीतून मडरूममध्ये येते आणि तिथून बाहेर जाते. उलटी वाट असती तर ओल्या बुटांचा वास दिवाणखान्यात पोचला असता. दिव्याला हालचालीवर लागणारा सेन्सर, कारण येणाऱ्याचे दोन्ही हात भरलेले असतात. दिव्याची रंगदर्शकता, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर घेतली, नाहीतर सकाळी एक मोजा निळा आणि एक काळा जातो.

सहा महिन्यांनंतर

पुन्हा पावसाच्या संध्याकाळी गेले, पुन्हा कोपऱ्यात उभी राहिले. धाकटा बाकावर, थोरली त्याच्या समोरून आत, छत्री दांडीवर. कुत्री आपणहून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, कारण तिथे गरम पाणी मिळतं हे तिला कळलंय. मोज्यांचे ठसे तीन, आणि ते खोलीतच थांबले: बाकाशेजारी आजींनी स्वतःच्या डोक्याने एक बादली ठेवली आहे, ओले मोजे तिथेच पडतात. माझ्या आराखड्यात ही बादली नव्हती. आता पुढच्या प्रत्येक आराखड्यात असते.

सगळं जमलेलं नाही. जाळीखालचा केसांचा सापळा आठवड्याला साफ करावा लागतो आणि तो काढायला स्क्रू ड्रायव्हर लागतो, ही माझी चूक. हाताने उचलता येणारा बसवायला हवा होता. वरच्या फळीवरच्या पाच टोपल्यांपैकी बाबांच्या टोपलीत अजूनही ती मूळ खोक्यातली वस्तू आहे, काय ते मी विचारलं नाही. त्यांचे बूट जाळीदार फळीवर न जाता तिच्या पुढे, बोटभर अंतरावर, जमिनीवर असतात.

आणि थोरलीची खेळाची बॅग. आम्ही बूट मोजले, कपडे मोजले, दप्तरं मोजली. ही बॅग मोजणीच्या दिवशी तिच्या मैत्रिणीकडे होती. लांबी २६ इंच. १६ इंचांच्या कप्प्यात ती बसत नाही, बाकाखाली आठ इंचांत शिरत नाही, ओल्या कोपऱ्यात ठेवली तर कुत्री तिच्यावर झोपते. सध्या ती उजव्या भिंतीला, सहा इंचांच्या नियमाच्या बरोबर विरुद्ध, दारामागे उभी असते आणि दार तिला टेकून पूर्ण उघडत नाही. परवा मी दोन मजबूत हूक घेऊन चालले आहे, आतल्या दाराच्या वरच्या रिकाम्या पट्टीवर ती आडवी टांगता येते का पाहायला. थोरलीला सांगितलंय, मी येईन तेव्हा बॅग भरलेली ठेव, रिकामी नको.